इचिनेशियाच्या लेखात ॲलर्जीबद्दल एक ओळ तरी हवी होती

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला इचिनेशियावरचा, म्हणजे सर्दीवर घेतात त्या अमेरिकेतल्या फुलझाडाच्या औषधावरचा, लेख वाचून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी पोळ्या बाजूला ठेवून लिहायला बसले. "वनस्पतीच आहे, साइड इफेक्ट नाहीत, लहानथोर कुणीही घ्यावं" हे वाक्य तुम्ही छापलंच कसं?

माझे थोरले दीर शिरूरकडे शेती करतात. भाऊजींना गेली वीसेक वर्षं काँग्रेस गवताची ॲलर्जी आहे, बांधावर जायचं तर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेला पंचा. मागच्या पावसाळ्यात त्यांना सर्दी झाली होती आणि नेमका मुलगा न्यू जर्सीहून आलेला, त्याने बॅगेतून इचिनेशियाची बाटली काढली, वर छान जांभळं फूल, म्हणाला बाबा तिकडे सर्दीला सगळे हेच घेतात, थेंब पाण्यात टाकून घ्या. पहिल्याच घोटाला जीभ बधिर झाली. तो इचिनेशियाच्या मुळाचा गुणच आहे, अमेरिकेतले मैदानी मुलखातले आदिवासी दात दुखला की तेच मूळ चघळायचे, पण आम्हाला वाटलं औषध जालीम दिसतंय! तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की समोर ठेवलेला चहाचा कप त्यांना चाचपडत शोधावा लागला, आणि मानेवरचे चट्टे रात्रभर खाजवून रक्ताळलेले.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, नवीन काय सुरू केलंत? बाटली बघून म्हणाले, हे शेवंती-झेंडूच्या कुळातलं, काँग्रेस गवतही त्याच कुळातलं. त्यानेच झालं असं छातीठोक ते बोलले नाहीत, पण बाटली बंद करायला लावली आणि आठवडाभराच्या गोळ्या-मलमाने उतार पडला. घरी येऊन भिंगाने लेबल वाचलं तर मागे बारीक अक्षरात या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी इशारा लिहिलेला होता. आम्ही वाचलं नाही ही आमची चूक. पण तुमचा लेख वाचून जो बाटली घेईल त्याला तर तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की काही होत नाही.

आणि लहान मुलांना? अमेरिकेत 2003 साली 2 ते 11 वर्षांच्या 407 मुलांवरचा अभ्यास छापून आला, सर्दी काही लवकर गेली नाही, उलट अंगावर पुरळ औषधवाल्यांत 7.1 टक्के वेळा आणि नुसत्या गोड सिरपवाल्यांत 2.7 टक्के. ब्रिटनने 2012 मध्येच सांगितलंय की 12 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. मोठ्यांना थोडाफार उपयोग होत असेलही, 2014 साली 24 चाचण्या एकत्र तपासल्या त्यातून ठाम काही निघालं नाही कारण प्रत्येक कंपनीचा माल वेगळा, कुणी मूळ वापरतं कुणी पाला. युरोपात 10 दिवसांच्या वर घेऊ नका म्हणतात आणि तुमचे लेखक दोन-दोन महिने घ्यायला सांगतात! आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या किती बायका तुमचा पेपर वाचतात, इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू असताना इम्युनिटी वाढवायचं म्हणून हे घेऊ नये, हे त्यांना कोण सांगणार? आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानात याचं मदर टिंक्चर (स्पिरिटमध्ये काढलेला मूळ अर्क) सहज मिळतं, चिठ्ठी कोणी मागत नाही.

लेखाला लागूनच इम्युनिटी पावडरची पाव पानाची जाहिरात होती, तेही मला बरं वाटलं नाही.

कृपा करून पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापा. पाणीपट्टीवरचं माझं मागचं पत्र तुम्ही चार ओळींत आणलंत, पुढच्या ओळीत नावसुद्धा चुकवलंत. हेही कापायचं तर कापा, पण काँग्रेस गवत, झेंडू, शेवंती यांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये, एवढं वाक्य तरी राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, तळेगाव