गाव म्हातारे का होते

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, आपल्याकडे आंबा आहे, काजू आहे, रेल्वे आहे, तरीही वाडीत तुझ्या वयाचे कोणी का राहत नाही, आणि एखादा मोठा कारखाना आला तर मुले परतणार नाहीत का. दोन वाक्यांत सांगून भागण्यासारखे हे नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे.

पोटासाठी बाहेर पडणे कोकणाला नवे नाही. १८५४ नंतर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता, तो १९८१ साली वेगळा झाला) माणसे आगबोटीने मुंबईला जाऊ लागली. डोंगरउताराची जांभ्याची जमीन, पाऊस भरपूर पण भाताचे पीक एकच, आणि तीही जमीन बहुतेकांची स्वतःची नव्हती. खोताचे, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या गावच्या वतनदाराचे, देणे भागवून कुळाच्या हाती जे उरे, त्यात वर्ष निघत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, पण कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. तोवर आपल्या कित्येक पिढ्यांना मुंबईची वाट पाठ झाली होती.

असे असूनही त्या काळी गाव म्हातारे झाले नाही, आणि माझ्या मते सारा उलगडा इथेच आहे. गिरणीत जाणारा एकटा जाई. मुंबईतल्या गावमंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपे, खाणावळीत जेवे आणि महिन्याला मनीऑर्डर करी. बायको, मुले, आईवडील, गुरेढोरे सारे इथेच असे. तुझ्या आजोबांची उभी हयात अशीच गेली. मुले इथे जन्मत, इथल्याच शाळेत शिकत आणि मिसरूड फुटेपर्यंत इथेच वाढत. मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा आपल्या शाळेचे चारही वर्ग भरलेले असत. कमावता पुरुष बाहेर होता, पण संसार गावात होता.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. काही माणसे गावी परतली, पण त्यांच्या मुलांनी वेगळी वाट धरली. कोणी वॉचमन झाला, कोणी ड्रायव्हर, कोणी कुरिअरमध्ये लागला, आणि विरार, नालासोपारा, दिवा इथे खोली घेऊन त्यांनी बायकोमुलांनाही तिकडे नेले. त्यांनी नेले हे योग्यच केले, असे मी आजही मानतो; नवऱ्याचे तोंड वर्षातून दोनदा पाहत जगणाऱ्या आपल्या आज्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. पण मनीऑर्डरीवर चालणारे गाव त्या दिवसापासून आतून रिकामे होत गेले.

हे जनगणनेतही उमटले आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ते पाहून बाहेरचे लोक कौतुक करतात. पण त्याचा अर्थ मुलींचे जन्म अधिक होतात असा नाही, पुरुष बाहेर आहेत एवढाच. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, २००१ साली हाच आकडा ११३६ होता, आणि सिंधुदुर्गात तो १०७९ वरून १०३६ वर उतरला. म्हणजे आता स्त्रियाही निघाल्या. घरची बाई गेली की तिच्या मागोमाग मुले जातात, आणि मग शाळेचा पट वीसच्या खाली येऊन शाळा राहते की जाते याची चर्चा सुरू होते.

त्यात जन्मही कमी झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. शिवाय निवृत्त झालेली माणसे मुंबईची खोली मुलांना देऊन इथे राहायला येतात. त्यांचे येणे मला प्रिय आहे, त्यांच्यामुळे संध्याकाळी देवळात चार माणसे दिसतात. पण तरुण पाठवायचे आणि म्हातारे परत घ्यायचे, असा हा व्यवहार झाला आहे. पावसाळ्यात वाडीत कोणी गेले तर खांदा द्यायला शेजारच्या वाडीत निरोप धाडावा लागतो. शिमग्याला पालखी नाचवायला मुंबईकर येतात म्हणून निभावते.

आता तुझ्या कारखान्याबद्दल. काम इथे अगदीच नाही असे नाही. आंब्याच्या बागांत राखणीला आणि तोडणीला नेपाळची माणसे हंगामभर राहतात, ते काही उगाच नव्हे. पण ते काम हंगामी आणि अंगमेहनतीचे आहे, आणि आपल्या मुलांना आपण त्यासाठी शिकवलेलेच नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून राज्यात पहिला येत आहे. मी स्वतः मुले घडवली ती बाहेर जाऊन नाव काढावे म्हणूनच, आणि त्यांनी ते काढले. कारखाना आला तरी त्यातला कामगार तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करील. जिथे बाळंतपणाची किंवा हृदयाची तातडीची वेळ आली की अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, तिथे तो बायकोला कसा ठेवील? आणि जो मुलगा राहतो, त्याचे लग्न जमत नाही. आपल्या वाडीतल्या एकाची कलमांची बाग चांगली आहे, निर्व्यसनी आहे, पण स्थळ सांगून आले की पहिला प्रश्न असतो, मुंबईत खोली आहे का? मुलींना मी दोष देत नाही. दिवसभर बोलायला आपल्या वयाचे एकही माणूस नसलेल्या घरात कोणी का यावे?

जमिनीचेच घे. खालच्या अंगणाकडच्या आपल्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर आजही पणजोबांच्या भावांची नावे आहेत. त्यांपैकी कोणाचीच वारसनोंद झालेली नाही, आणि त्यांचे वारस ठाण्यापासून बडोद्यापर्यंत पसरलेले आहेत. तिथे शासकीय योजनेतून काजू लावायचा तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रे लागतात. उद्या कोणी तरुण उत्साहाने आला तरी त्याने घाम गाळायचा तो कोणाच्या नावावर? जमीन पड राहते, पडीत जंगल वाढते, आणि मग वानरे परसातल्या पडवळापर्यंत येतात. रस्ता आणि रेल्वे यांनी जाणे सोपे केले. राहणे सोपे करणारे काम अजून झालेले नाही, आणि ते जमिनीपासून सुरू करावे लागेल असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला आहे आणि पुढे संमतीने वाटप करून घेणार आहे. भावकीतल्या काहींनी सुचवले की मुलींकडून हक्कसोड घ्यावे, म्हणजे नावे कमी होतील. मी नाही म्हटले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तुझा वाटा तुझ्या भावाइतकाच आहे, आणि या मातीत राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्कही तितकाच आहे. तू ये असा आग्रह मी करणार नाही. पण तुला किंवा तुझ्या मुलांना कधी वाटलेच, तर कागद अडवणारा नसावा.

तुझ्या आधारकार्डाची प्रत पाठव, आणि दिव्याला राहणाऱ्या काकांचा पत्ता बदलला आहे का तेही विचारून कळव. त्यांची सही लवकर हवी आहे. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझे,
बाबा