औषधाच्या पाकिटावर वेळही लिहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासणारी मोफत शिबिरे आता गल्लोगल्ली भरतात आणि त्यांतून अनेकांना आपला आजार वेळीच कळतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्यानंतर जी गोळी रुग्णाच्या आयुष्यात कायमची येते, ती दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही आणि परस्पर बंद केल्यास काय होते, हे समजावण्याचे काम डॉक्टर दुकानदारावर आणि दुकानदार डॉक्टरांवर सोडून मोकळे होतात. औषधाच्या काउंटरमागे केस पांढरे झालेला एक निवृत्त फार्मासिस्ट म्हणून मी हे लिहीत असल्याने माझा रोख आमच्या व्यवसायाकडेही आहे, हे आधीच सांगतो.

सर्दी-तापाच्या गोळीला तासाभराचा उशीर झाल्याने सहसा काही अडत नाही. अंतःस्रावी (म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या) ग्रंथींच्या आणि मेंदू-मज्जासंस्थेच्या विकारांत मात्र शरीराला कमी पडणारे द्रव्य रोज मोजूनमापून पुरवायचे असते, किंवा मेंदूतील विजेचे संदेश बेताबाहेर जाऊ नयेत म्हणून रक्तातील औषधाची पातळी ठरावीक मर्यादेत राखायची असते.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, हे याचे घरोघरचे उदाहरण. तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ती सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता करू नये आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून किमान 4 तास दूर ठेवाव्यात, कारण या गोळ्या तिला आतड्यातच धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी उतरत नाही. प्रत्यक्षात गरोदर महिलेच्या डब्यात लोह, कॅल्शियम आणि थायरॉइड या तिन्ही गोळ्या एकत्र ठेवलेल्या असतात आणि सकाळच्या चहाबरोबर ती तिन्ही एकदमच घेते. मग अहवालातला टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडले की वाढणारा आकडा, खाली येत नाही, डोस 50 वरून 75 आणि 75 वरून 100 वर जातो, आणि गोळी कशी घेता हे कोणी विचारत नाही. या औषधाचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला सुमारे 7 दिवस लागतात. त्यामुळे चार दिवस नागा पडला तरी रुग्णाला काही जाणवत नाही आणि गोळीवाचूनही आपले चालते असा त्याचा समज होतो. याच कारणाने डोस बदलल्यावर आठवडाभरात पुन्हा रक्त तपासणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. खरा आकडा 6 ते 8 आठवड्यांनी दिसतो.

कंपवातावरच्या (पार्किन्सनच्या आजारावरच्या) लेव्होडोपा या औषधाचे गणित याच्या अगदी उलट आहे. कार्बिडोपा या पूरक औषधाची जोड दिली तरी त्याचा रक्तातील निम्मा अंश दीड तासाच्या आसपास संपतो, म्हणून आजार जुना झालेल्या रुग्णाची गोळी अर्धा तास लांबली तरी त्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि शर्टाची गुंडीसुद्धा लावता येत नाही. असा रुग्ण दुसऱ्या एखाद्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झाला, की घरून आणलेल्या गोळ्या परिचारिकेच्या ताब्यात जातात आणि घरी सकाळी 6 वाजता मिळणारा डोस वॉर्डाच्या सोयीने 9 वाजता मिळतो. त्यात भर म्हणजे, डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येतात, म्हणून ज्याला जेवणानंतर गोळी लागू पडत नाही असे वाटते त्याने ती जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. आपल्याकडे खाजकुइलीच्या बियांचे, म्हणजे कवचबीजाचे, चूर्ण शक्तिवर्धक म्हणून सर्रास घेतात. त्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असतो, आणि गोळीच्या जोडीला ते चूर्ण घेणाऱ्याने तसे डॉक्टरांना सांगितले नाही, तर डोसाचा सगळा हिशेबच चुकतो.

याच आजाराची दुसरी बाजू मला अधिक खटकते. वयस्कर माणसाला चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, आणि मळमळते म्हणून मेटोक्लोप्रमाइड दिले जाते. ही औषधे महिनोन्महिने चालू राहिली तर त्यांच्यामुळेच हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे ही कंपवाताची लक्षणे दिसू शकतात. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा तीच पट्टी नेणारे आजोबा काही महिन्यांनी लेव्होडोपाची नवी चिठ्ठी घेऊन येतात आणि चक्करेची गोळी मात्र खाली तशीच चालू असते. पट्टी मागे सरकवून ‘ही किती दिवसांपासून घेता, डॉक्टरांना दाखवली का?’ एवढे विचारणे हे काउंटरवरच्या माणसाचे काम आहे.

फिटच्या आजाराचे आपल्या शहराशी एक दुःखद नाते आहे. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तेथेच त्यांचे निधन झाले. फेनोबार्बिटोनचा फिटवरचा उपयोग 1912 पासून ठाऊक होता आणि फेनिटॉइन नेमके 1938 मध्ये पुढे आले. आज त्यांहून कितीतरी अधिक औषधे उपलब्ध असून बहुसंख्य रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात राहू शकतात. तरीही लग्न ठरले की सासरी कळू नये म्हणून मुलीची गोळी बंद करणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत. अशी गोळी एकाएकी थांबवली तर एकामागून एक, न थांबणारे झटके येऊन जीवावर बेतू शकते. व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधामुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने ते औषध बदलायचे असेल, तर तो बदल लग्नाच्या आणि गरोदरपणाच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू व्हायला हवा, आणि तसे सांगायला कोणी तरी हवे. फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवण्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. त्याला कुशीवर वळवावे आणि तोंडात काही कोंबू नये, इतकेच.

उन्हाळ्याचा प्रश्न खास आपला आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर राहतो आणि इन्सुलिनची न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, परंतु ती खोली 25 ते 30 अंशांची धरलेली असते, पत्र्याखालची नव्हे. फ्रीज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून, ती तुलनेने थंड राहते. मात्र बर्फाला टेकवून गोठवलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे.

औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पाकिटावर ‘1-0-1’ असे खरडण्याऐवजी ‘सकाळी अनशापोटी’, ‘कॅल्शियमसोबत नको’, ‘विचारल्याशिवाय बंद करू नये’ असे शब्द लिहावेत, आणि पूर्व भागातील विणकर व विडी कामगार कुटुंबांसाठी तेच तेलुगूत, अक्कलकोटकडून येणाऱ्यांसाठी कन्नडमध्ये असावेत. जेनेरिक औषधांना माझा विरोध नाही; उलट कायमच्या आजारात त्यांनी अनेक घरे तगवली आहेत. फक्त फिटच्या आणि थायरॉइडच्या औषधाची कंपनी बदलायची झाल्यास रुग्णाला आणि डॉक्टरांना तसे सांगूनच बदलावी, कारण या औषधांत थोडा फरकही जाणवतो.

शासकीय रुग्णालयांच्या औषध खिडकीवर फिट, थायरॉइड आणि मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा डोस स्थिर आहे, त्यांना पंधरवड्याऐवजी किमान महिन्याची औषधे एकदम द्यावीत, ही दुसरी विनंती. शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतूनही येथे रुग्ण येतात, आणि रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहणे जमले नाही की गोळीत खंड पडतो.

पाकिटावरील सूचनांचा नमुना मराठीत तयार करून देण्यास मी विनामूल्य तयार आहे. तेलुगू आणि कन्नड मजकूर जाणकारांकडून तपासून घ्यावा लागेल. शहरातील औषध विक्रेत्यांनी अशी पाकिटे एकत्रितपणे छापून घेतल्यास खर्चाचा बोजा एकावर पडणार नाही, आणि आपल्या आरोग्य पुरवणीत हा नमुना प्रसिद्ध झाल्यास ज्यांच्या दुकानदाराने पाकीट दिले नाही त्यांनाही तो कापून औषधांच्या डब्यावर चिकटवता येईल.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सोलापूर