नंदूस, वॉकी-टॉकीच्या बटणाबद्दल

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि फोटो मिळून बरेच दिवस झाले. उत्तर राहिलं याची टोचणी आहेच, पण आज लिहायला बसलो तो त्या फोटोमुळे. शोधपथकाचे नवे वॉकी-टॉकी तुझ्या ताब्यात आले, सगळी पोरं ओळीत उभी, आणि तू मधोमध, सेट गालाला चिकटवून. मागे मन्याने आपला सेट अँटेनाला धरून लोंबकळत ठेवलाय. दुसऱ्या कोणी हा फोटो पाहिला तर कौतुकच करील. मला तो पाहून काय वाटलं असेल ते तुलाच कळेल.

तब्येत ठीक आहे. गुडघा होता तसाच आहे.

तर आधी तुझा गाल. सेट नुसता चालू असतो तेव्हा तो ऐकत असतो, त्याने अंगाला काही होत नाही. रेडिओची ऊर्जा बाहेर पडते ती बोलायचं बटण दाबल्यावर, आणि तिचा काही भाग जवळच्या शरीरात शिरून उष्णता होतो. ही क्ष-किरणांसारखी पेशी मोडणारी ऊर्जा नाही, त्यामुळे उगाच घाबरवू नकोस कोणाला. पण डोळ्यांसारख्या अवयवात रक्त कमी खेळतं, तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही. म्हणूनच मर्यादा घातल्या आहेत. किलोमागे किती वॅट शोषले जातात ते मोजतात आणि सहा मिनिटांची सरासरी धरतात. आंतरराष्ट्रीय मर्यादा डोक्या-धडासाठी सामान्य माणसाला किलोला 2 वॅट, आणि कामासाठी प्रशिक्षण घेऊन सेट वापरणाऱ्याला 10 वॅट, दोन्ही दहा ग्रॅम पेशींवर मोजून. तुमचे पाच वॅटचे सेट बहुधा त्या दुसऱ्या वर्गातले असतील, माहितीपुस्तिकेत ते छापलेलं असतं. म्हणजे काय, तर ते शिकवल्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचे नसतात. पोरांना खेळायला तर नाहीच.

शिकवायचं फार नाही. सेट चेहऱ्यासमोर उभा धरायचा, ओठांपासून निदान अडीच सेंटिमीटर, खरं तर पाचच धर. अँटेना डोक्यापासून लांब, गालाला किंवा कपाळाला टेकलेली नाही. पट्ट्याला अडकवून बाहेरच्या माइकवर बोलायचं असेल तर कंपनीने दिलेलाच क्लिप किंवा कव्हर, कारण सेट आणि अंग यांच्यातलं अंतर त्यानेच राखलेलं असतं आणि चाचणीही तेवढं अंतर धरूनच झालेली असते. आणि एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ बटण दाबलेलं नसावं. तो निम्म्याचा हिशोबच सहा मिनिटांच्या सरासरीत धरलेला आहे. दाबा, बोला, सोडा, ऐका, एवढं पाळलं की तो आपोआप जमतो. न जमणारा माणूस तुमच्या पथकात एकच, आणि त्याला बोलताना मी कधीच थांबवू शकलो नाही. तुझा आवाज तर सेट नसला तरी पलीकडच्या टेकडीवर पोचतो. पण खरंच सांगतो, माइकमध्ये ओरडू नकोस. सेट ठरावीक मर्यादेपुढे आवाज छाटतो, त्यामुळे ओरडणं पलीकडे फाटलेलं ऐकू जातं. साध्या आवाजात, माइकच्या थोडं आडवं बोललं की श्वासाचे फटकेही बसत नाहीत.

मन्याला मात्र जरा दटाव. अँटेनाला धरून सेट उचलला की मुळाशी जोड सैल होतो, आतली तार तुटते, आणि वरून काही दिसत नाही. मग सेटची ताकद हवेत न जाता परत फिरते आणि ती ताकद बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. काही सेटांमध्ये त्याला संरक्षण असतं, सगळ्यांत नसतं. अँटेना न लावता बटण दाबून 'नुसतं बघणं' तर अजिबात नको. बाहेरचं रबर फाटून धातू उघडा पडलेला असेल तर ती अँटेना त्याच दिवशी बाद करायची. बोलताना ती उघडी जागा कातडीला लागली तर लहानसा चटका बसतो. नवी अँटेना त्याच लहरींच्या पट्ट्याची (बँडची) हवी. 150 मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, 450 ची पाऊण मीटरहूनही कमी. एकीची अँटेना दुसरीवर बसते म्हणून ती चालते असं नाही. आणि बोलताना मुठीत अँटेना पकडणं हाही प्रकार बंद कर. हातात ऊर्जा जाते आणि पल्लाही घटतो.

पल्ल्यावरून आठवलं. तू अजून तेच लिहितोस, 'एक वॅटचा पाच वॅट केला म्हणजे पाचपट लांब.' नंद्या, हे भांडण आपण वसतिगृहाच्या गच्चीवर भांडलो, बापूंच्या अंगणात भांडलो, आणि तू आजही चूकच आहेस. मोकळ्या हवेत पाचपट ताकदीला अंतर जेमतेम सव्वादोनपट होतं, जमिनीलगत झाडी-चढउतारांत त्याहून कमी. खरी भिंत असते क्षितिजाची. दीड मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज पाचएक किलोमीटरवर, दोन्ही माणसं तेवढ्याच उंचीची धर, म्हणजे सपाट मोकळ्यावर दहा. मध्ये डोंगराचा खांदा आला की वॅट कितीही असोत, आवाज नाही. त्यापेक्षा एक माणूस खिंडीत किंवा माथ्यावर बसव, तो निरोप इकडचा तिकडे देईल. आणि जवळ असताना कमी ताकदीवर बोलायला शिकव सगळ्यांना. बॅटरी टिकते आणि अंगात जाणारी ऊर्जाही कमी होते. वॅट वाढवून वाढवून शेवटी काय मिळतं, तर तापलेला सेट आणि रिकामी बॅटरी.

बॅटरीची गोष्ट मात्र तू अगदीच उडवून लावली आहेस पत्रात. 'दिवसभर जाते' असं लिहिलंस. जाते, पण कशी वापरली तर? कंपन्या जे तास छापतात ते बहुतेक वेळा शंभरातले पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग गप्प, अशा हिशोबाचे असतात. पाच वॅटवर बोलताना सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. 2000 मिलिअँपिअर-तासाची बॅटरी असेल तर सलग बोलण्यात ती सव्वा तासात झोपेल. तीच बॅटरी नेमस्त वापरात तेराचौदा तास पुरते. म्हणजे शोध लांबला आणि सगळे एकमेकांना दर मिनिटाला 'कुठे आहेस' विचारत बसले, तर ऐन अंधारात पथक मुकं होतं. मला रात्री झोप लागू देत नाही ती ही गोष्ट. ठरलेल्या वेळी हजेरी घ्या, अर्ध्या तासाने म्हणा, आणि मधला वेळ चॅनेल रिकामं ठेवा. प्रत्येकाजवळ एक जादा बॅटरी, आणि ती मोकळी खिशात नाही. लिथियमच्या बॅटरीची उघडी टोकं किल्लीने, नाण्याने किंवा साखळीने जुळली की क्षणात इतकी वीज वाहते की धातू लाल होईल. प्लॅस्टिकची पिशवी किंवा टोपी लाव त्याला.

चार्ज करताना सेट बंद, चार्जर त्याच कंपनीचा. शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी लगेच चार्जरवर नको. गार बॅटरीत लिथियम आत मुरण्याऐवजी ग्राफाइटवर धातू होऊन बसतो, क्षमता कायमची जाते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. खोलीच्या तापमानाला येऊ दे आधी. पाठ फुगलेली बॅटरी दिसली की संपलं, चार्ज नाही, दाबणं नाही, टोचणं नाही, कचऱ्यातही नाही. वेगळी ठेवून बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे दे. महिनोन्महिने ठेवायच्या असतील तर अर्ध्या भरलेल्या ठेव.

आता ज्याने खरी माणसं जायबंदी होतात ते. कापलेला शब्द. बटण दाबल्याबरोबर बोललं की पहिलं अक्षर पोचत नाही. ऐकणारा सेट बॅटरी वाचवायला डुलक्या घेत असतो, टोन, म्हणजे आपल्या सेटांची ओळख पटवणारा बारीक सूर, लावलेला असेल तर तो ओळखायला क्षण जातो, मध्ये रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुढे पुन्हा सोडणारं यंत्र, असेल तर त्याला जागं व्हायचं असतं. म्हणून दाबून एक सेकंद थांब, मग बोल. आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावर अंगठा उचल. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो हे लक्षात ठेव. 'पुढे जाऊ नका' यातला 'नका' कापला गेला की उरतं 'पुढे जाऊ'. त्यापेक्षा 'थांबा, थांबा' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं. परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं, मग 'ओव्हर'. संकेतनावं ठरवून टाका, तुमच्याकडे दोन मोहन आहेत.

दोघांनी एकदम दाबलं तर? दाबणाऱ्या दोघांनाही काही ऐकू येत नाही, कारण बोलताना सेट बहिरा असतो. तिसऱ्याला एकतर जोरकस असेल त्याचाच आवाज येतो, नाहीतर नुसती शिट्टी. म्हणून दाबण्याआधी ऐकायचं. टोन लावला की चॅनेल खासगी झालं असं वसुधा वहिनींना कोणीतरी सांगितलंय, ते खोटं आहे. तुमचा सेट दुसऱ्यांचा आवाज लपवतो एवढंच, त्यांना तुमचं सगळं ऐकू जातं. जखमी माणसाचं नाव-गाव त्यामुळे हवेत टाकू नका. टोन बाजूला ठेवून सगळंच ऐकवणारं मॉनिटरचं बटण दाबून चॅनेल खरोखर मोकळं आहे का ते आधी बघा. सतत दाबलेलं बटण हा सगळ्यात वाईट प्रकार. सेट पिशवीत दबला की एकटा तो सेट साऱ्या पथकाचं तोंड बांधतो आणि तापत राहतो. टाइम-आउट लावून ठेव, साठ सेकंद पुरेत, म्हणजे तो आपणहून बंद पडेल. कीपॅडचं कुलूप बहुतेक सेटांत बोलायच्या बटणाला लागत नाही, त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आणि जागा. सुरुंग लावलेल्या खाणीजवळ, जिथे 'रेडिओ बंद' अशी पाटी आहे तिथे सेट बंदच. सुरुंगाच्या विजेच्या तारांत सेटची ऊर्जा उतरू शकते. पेट्रोल, गॅस, बारीक धुरळा असलेल्या जागी फक्त स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित सेट, आणि बॅटरीवरही तोच शिक्का हवा. नुसता सेट प्रमाणित असून भागत नाही. शिक्क्याची असली तरी बॅटरी तिथे बदलायची नाही, चार्ज करायची नाही, बाहेर येऊन करायची. बापूंना पेसमेकर बसवलाय ना? कमी ताकदीचा सेट त्यांच्या छातीपासून पंधरा सेंटिमीटर लांब, पाच वॅटचा तीस, छातीच्या खिशात कधीच नाही. त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे. विमानात चढताना बंद. कानात इअरफोन घालायच्या आधी आवाज कमी कर, मग हळूहळू वाढव. स्क्वेल्च, म्हणजे रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणारी सोय, उघडा राहिला असेल तर तो खर्रर्र आवाज थेट कानाच्या पडद्यावर आदळतो.

पाऊसपाण्याचं थोडक्यात. IP67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही बाजूचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असेल तरच. झाकण तुटून पडलेला सेट साधा सेट समजावा. परवान्याचं तू लिहिलंच नाहीस. देशोदेशीचे नियम वेगळे, पण कुठेही सेट पकडतो म्हणून वाटेल त्या चॅनेलवर बोलायचं नसतं. ते आधी कागदावर पक्कं कर, बाकी नंतर.

चिनूचा निकाल लागला का? तुझी बदली होणार होती तिचं काय झालं? वहिनींची पाठदुखी कमी असेल असं धरतो. नवं घर छान दिसतंय फोटोत, पडदे तेवढे बदल.

सेटची पाठ आणि बॅटरीवरची चिठ्ठी, दोन्हींचे स्पष्ट फोटो पाठव. व्होल्ट, मिलिअँपिअर-तास आणि प्रमाणपत्राचा शिक्का मला वाचता आला पाहिजे. तोवर मन्याला सेट देऊ नकोस.

तुझा,
दत्ता

ता. क. जीपच्या डॅशबोर्डवर एअरबॅगच्या वर सेट ठेवलेला दुसऱ्या फोटोत दिसतोय. तो तिथून काढ. एअरबॅग उघडली तर सेट सरळ माणसाच्या तोंडावर येईल.