प्रत्येकानं मूठभरच दिलं होतं

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, पोट्ट्यांना काय सांगू?" आणि मी म्हटलं, "उद्या सांगते." खरं तर उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. पण ते द्यायचं तर त्याच्या आधीचं एक सांगावं लागतं, आणि ते फोनवर माझ्यानं झालं नसतं. तुझ्या मागे पोरांचा कल्ला, माझ्या मागे बाबांच्या बातम्या. म्हणून ही वहीची पानं फाडली.

आधी तुमच्या फार्मवरच्या त्या बकरीच्या पिल्लाचं. संध्याकाळपर्यंत उड्या मारत होतं, सकाळी कोठ्यात पाय ताणून, मान मागे टाकून पडलेलं, पोट टम्म. तू सांगत होतास तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. जनावरांचं औषधपाणी बघणारी पशुसखी म्हणून पिशवी खांद्याला लावून मी गावभर फिरते, असं मरण मी चार-पाच कोठ्यांत पाहिलंय. आंत्रविषार दिसतो. पोट उघडून पाहिलं नाही म्हणून छातीठोक सांगत नाही, पण लक्षणं तीच. त्याचे जंतू बकरीच्या आतड्यात एरवीही असतात, गुमान बसलेले. एकाएकी भारी खुराक पोटात गेला, पीठ म्हण, धान्य म्हण, पहिल्या पावसाचं कोवळं हिरवं म्हण, की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. मरतुकड्या पिल्लाच्या वाट्याला हा रोग सहसा जात नाही. जे तगडं, जे लाडकं, ज्याला सगळे खाऊ घालतात, तेच एका रात्रीत जातं. लस पावसाळ्याआधी द्यायची असते, पहिल्यांदाच देत असू तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. तुमच्याकडे मोठ्या बकऱ्यांना दिली आणि पिल्लं "लहान आहेत" म्हणून राहून गेली, असं तूच म्हणालास. साडेचार महिन्यांचं पिल्लू लहान नसतं रे. ही चूक पोरांची नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर.

आता पीठ. फार्मवर येणारे बारा पोट्टे, घरून येताना खिशात ज्वारीचं पीठ आणणार, आणि जन्मल्यापासून बाटलीवर वाढलेलं ते पिल्लू त्यांच्या मागे मागे धावणार. "प्रत्येकानं मूठभरच दिलं होतं आई," असं तू दोनदा म्हणालास. तिथंच तर सगळं आहे. कोणीच जास्त दिलं नाही, आणि बारा मुठी झाल्या.

तुमच्या मॅडम म्हणतात, सांगून टाका की पिल्लू दुसऱ्या गावी दिलं. लहान आहेत, रडतील, आईबाप पाठवायचे बंद करतील. त्यांचं मी समजू शकते, कारण मीही हेच केलं होतं. तुझ्याशीच.

तुला चांदी आठवते ना? आठवते, मला माहीत आहे. कारंजाकडच्या एका नंदगवळ्याकडून बाबांनी आणलेली अस्सल गवळाऊ गाय, पांढरीशुभ्र, लांब तोंडाची. दूध काही बादलीभर नव्हतं तिचं, पण चाल अशी की गुरं चारणारा गायकी म्हणायचा, हिच्या मागे चालायला चप्पल टिकत नाही. तू दुसरीत होतास. मे महिना, आत्याचं लग्न आठ दिवसांवर. मी गव्हाचं दळण आणून पिंपात ओतलं आणि झाकण न लावता मंडपवाल्याशी बोलायला गेले. तू दप्तर रिकामं केलंस, त्यात कणिक भरलीस, आणि खेपा घातल्यास. किती, ते नंतर पिंपात पाहून कळलं. मी मागच्या दारी आले तेव्हा चांदीचं काळं नाकाड पांढरं झालेलं होतं आणि तुझे हात कोपरापर्यंत. ती तुझा तळवा चाटत होती.

आणि मी हसले. "तिचंही लगन लावतो का काय रे?" असं म्हटलं, तुला हौदावर नेऊन हात धुतले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं रवंथ टाकलं. शेण पातळ, आंबट वासाचं. संध्याकाळी चालताना झोकांड्या जायला लागल्या. आज मला कळतं की धान्य-कणिक अशी भसाभस पोटात गेली की पोटातच आंबते, आणि ते आंबलेलं रक्तात उतरतं. तेव्हा एवढंच कळलं की पोट फुगलंय. बाबांनी तेल पाजलं, खायचा सोडा पाजला, रात्रभर तिच्याजवळ कंदील घेऊन बसले. आता 1962 ला फोन लावला की डॉक्टरांची गाडी दारात येते, तेव्हा तसं काही नव्हतं. डॉक्टर उजाडल्यावर आले, आणि आल्या आल्या त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

तुला आदल्याच संध्याकाळी मामाकडे पुलगावला पाठवलं होतं. तिला धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरली. तू परत आलास आणि दारातूनच ओरडलास, "चांदी कुठी गेली वं माय?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "तिले इकलं." मी गप्प राहिले. लग्नाचं घर, पाहुणे, तुझं वय. गप्प राहायला कारणं पुष्कळ होती.

नंतरचं तुला आठवत नसेल, मला आठवतं. आर्वीच्या बाजारात आपण गेलो की तू गुरांच्या बाजूला ओढायचास. एकदा एका पांढऱ्या गाईजवळ गेलास आणि तिचा डावा कान उलटून पाहिलास. चांदीचा तो कान बाभळीच्या काट्यानं फाटलेला होता ना. बाबांनी ते पाहिलं आणि पाठ फिरवून शेजारच्या दुकानातून दावं विकत घेतलं, घरी दोन कोरी दावी पडलेली असताना.

त्यानंतर तू कोठ्यात पाय ठेवला नाहीस. आम्हांला वाटलं, अभ्यासाकडे ओढा आहे पोराचा, बरंच झालं. मग दहावीच्या वर्षी सायकलवरून भांडण झालं तेव्हा तू बाबांना म्हणालास, "तुम्हाले पैसाच दिसते. चांदीही इकली तुम्ही." त्यांनी मान खाली घालून भाकर संपवली आणि उठले. माणूस किती वर्षं असं ऐकून घेऊ शकतो ते मी पाहिलंय.

तर हे असं आहे. कणिक तू चारलीस, पण पिंप उघडं मी ठेवलं आणि पाहूनसुद्धा हसले. तू सात वर्षांचा होतास. हा हिशेब मी चौदा वर्षं वारंवार करून पाहिला, दरवेळी उत्तर तेच येतं. तू तुझ्या बाजूनं तो नव्यानं मांडत बसू नको.

आता तुझ्या पोट्ट्यांचं. उद्या सकाळी चारा टाकायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसव. मेलं म्हण. झोपलं, देवाघरी गेलं, असलं काही नको. सहा वर्षांचं पोर रात्री झोपायला घाबरतं. कुठं पुरलं ते दाखव. मग सांग की पीठ किती द्यायचं ते आम्ही मोठ्यांनी तुम्हांला सांगितलं नव्हतं, आणि लसही द्यायची राहिली होती, ही चूक आमची. कोणी किती दिलं, ते विचारू नको. एखादं पोर नंतर कोपऱ्यात येऊन हळूच म्हणेल, "दादा, मी दोनदा दिलं होतं." त्याच्याजवळ बस. त्याला दुसरं काम दे, तिथल्या तिथे, हातात.

आणि गावची पोरं मरण पाहिलेली असतात, हे विसरू नको. बोकड कशासाठी वाढवतात ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रविवारी घरी काय शिजतं, ते कुठून येतं, सगळं माहीत असतं. बिचकतील ती अमरावतीहून शनिवारी येणारी, बकरीसोबत फोटो काढणारी. त्यांनाही तेच सांग.

मला विचारशील तर, तुमच्या त्या फार्मवर काम कमी आणि लाड जास्त चाललेत. सगळ्यांना पाजायचंय, सगळ्यांना कुरवाळायचंय. पाण्याची टाकी घासायला कोणी नाही. आपल्या वर्ध्यातच 1937 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम निघाली. हातानं काम करत शिकायचं. सेवाग्रामच्या शाळेत पोरं आजही वाफे करतात, भाजी पिकवतात. पण तिथं वाफ्याला पाणी दिलं नाही तर भाजी येत नाही, हे पोराला दिसतं. काम असं असावं की ते नाही केलं तर अडेल.

म्हणून एक कर. कोठ्याच्या दाराला पाटी टांग, साधी दगडी पाटी. खुराकासाठी एकच माप ठेव, आणि त्या दिवशी ते एकाच पोराच्या हातात. चारलं की पाटीवर खूण करायची. खूण दिसली की दुसऱ्यानं काही द्यायचं नाही, मग बकरी कितीही तोंड वर करून बोंबलो. बकरी बोंबलतेच, तिचा तो धंदाच आहे. खिशातलं पीठ बंद. कुटार, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणा म्हणावं, आणि तेही तुला दाखवून. आणि काम रोज बदलू नको. आठ दिवस एका पोराकडे एकच काम ठेव. टाकी घासणारं पोर आठव्या दिवशी सांगेल की कोणती बकरी आज पाण्यावर आली नाही, आणि ते तुला त्याच्याआधी कळणार नाही. मोजणीचं काम सगळ्यात लहानाला दे. त्याला आकडे येतात याचा गर्व असतो, तो चुकत नाही.

पाण्याचं तुमच्याकडे मुद्दाम बघ. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी मचूळ. पुरणाथडीच्या भुऱ्या म्हशी तिथंच वाढल्या, त्यांना सवय. बाहेरून आणलेल्या बकऱ्यांचं काय ते पाहा. पावसाचं साठवलेलं असेल तर पिल्लांना ते दे.

कडबाकुट्टीजवळ एकही पोट्टं दिसता कामा नये, बंद असली तरी. गाईच्या मागे उभं राहायचं नाही आणि मागच्या पायाच्या बाजूलाही नाही. गाय लाथ अर्धगोल फिरवून बाजूला मारते. जनावराला आधी आवाज द्यायचा, मग हात. व्यालेल्या बकरीची वार पोरांनी उचलायची नाही, ते तू हातमोजे घालून कर. कच्चं दूध कोणी पिऊ नये, ताजं धारोष्ण म्हणून मोठी माणसं कितीही सांगोत. साबण दोन ठिकाणी ठेव, एक घरी नेतीलच.

बाबांना हे पत्र लिहिलंय ते सांगितलेलं नाही. पोळ्याला येशील तेव्हा आदल्या दिवशीच्या खांदशेकणीला ते दोन्ही बैल घेऊन बसतील. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायला त्यांना अजूनही कोणी तरी सोबत लागतं, मागची कित्येक वर्षं ते एकटेच म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं का, काय बोलायचं, ते तू ठरव. मी विषय काढणार नाही.

निंबाखालची ती जागा दाखवायची असेल तर दाखवीन. यंदा तिथं तुरीचं तास आहे.

तुझी,
आई

ता. क. त्या मेलेल्या पिल्लाची जुळी बहीण, ती पाठ, आहे म्हणालास. तिचा खुराक आजपासून बंद, फक्त पाला आणि कुटार. लस आली तर ती बर्फाच्या डब्यातून आली का ते आधी बघ, नुसती पिशवीतून आणली असेल तर परत कर. आणि आज तिनं रवंथ केलं का, ते मला संध्याकाळी कळव.