कापडाआधी भिंत बघणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या खिडक्यांना ब्लाइंड्स लावायचं काम आटोपून तुम्ही निघालात तेव्हा घाईघाईत "थँक्यू दादा" एवढंच म्हणून झालं. तेवढ्यावर भागवणं बरं वाटेना, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या या जुन्या इमारतीत बऱ्याच जणांना खिडक्यांना ब्लाइंड्स लावून घ्यायचे आहेत आणि जो तो आधी रंग निवडत बसलाय. तुम्ही खिडकी पुरती बघून होईपर्यंत कापडाचे नमुने पिशवीतून बाहेरच काढले नाहीत. मी दोनदा मागितले तरी नाही. त्या बघण्याबद्दल आभार मानायचे आहेत.

नव्या बांधकामात खिडकीचा गाळा, म्हणजे भिंतीतली तिची मोकळी जागा, बहुतेक वेळा सरळ असतो, एकदा टेप लावला तरी निभावतं. जुन्या इमारतीत भिंती थोड्याफार बसलेल्या असतात, गिलाव्यावर गिलावा चढलेला असतो आणि रंगाचे थर कोपऱ्यांत साचून कोपरा गोल झालेला असतो. तुम्ही गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घेतलीत आणि लिहून घेताना सगळ्यांत लहान माप लिहिलंत. उंचीचं मात्र सगळ्यांत मोठं. असं का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "ताई, रुंदीला जास्त झाला तर अडकतो. उंचीला कमी पडला तर खालून उजेड येतो." मग दोन्ही कर्ण मोजलेत. कर्णांत फरक निघाला म्हणजे गाळा गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. रोलर ब्लाइंडचं, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळणाऱ्या ब्लाइंडचं, कापड आपलं सरळच खाली येणार, त्यामुळे शेजारची फट वर बारीक आणि खाली रुंद, अशी रोज डोळ्यांत खुपणार.

बेडरूमचा निर्णय तिथेच झाला. गाळ्याच्या आत बसवलेला ब्लाइंड दिसतो नेटका, पण रोलरचं कापड त्याच्या नळीच्या आणि ब्रॅकेटच्या मापापेक्षा अरुंद असतं. दोन्ही कडांना साधारण बोटभर उजेड राहतोच. काळोखासाठी जाड ब्लॅकआउट कापड घ्यायचं आणि बाजूंनी सकाळ आत येऊ द्यायची, यात काय अर्थ? तुम्ही तो गाळ्याबाहेर, खोलीच्या भिंतीवर, दोन्हीकडे पाच-सात सेंटीमीटर जास्त घेऊन बसवलात. माप पक्कं करण्याआधी आत उघडणारी प्रत्येक झडप पूर्ण उघडून पाहिलीत, ती गुंडाळलेल्या कापडाला घासते का, आणि मूठ किती पुढे येते. एका खिडकीची मूठ इतकी पुढे होती की ब्रॅकेटमागे ठोकळा द्यावा लागला.

पण खरं काम भिंतीतच होतं. खिडकीच्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करत तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात आणि आवाज पोकळ आला तिथे पेन्सिलीने फुली मारलीत. पोकळ म्हणजे गिलावा विटेपासून सुटलेला. तिथे गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती खुंटी) ठोकली तर ती नुसत्या गिलाव्यातच अडकून राहते आणि एखाद्या दिवशी साखळी जरा जोरात ओढली की ब्रॅकेटसकट खपली हातात येते. ब्लाइंडचं वजन तसं फार नसतं, पण रोजचे हिसके त्या वरच्या स्क्रूलाच सोसायचे असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वरच्या पट्ट्यातही तुम्ही फुली मारलीत, आत वायर असणार म्हणून.

मग कागदाची घडी भिंतीला चिकटवून तिचा खिसा केलात, ड्रिलचं हॅमर बंद ठेवलंत आणि सहा मिलिमीटरचं बिट लावलंत. जुना चुन्याचा गिलावा हादऱ्याने भुगा होतो, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. खिशात आधी पांढरी धूळ पडत होती. बराच वेळ पांढरीच. मग ती लालसर झाली आणि तुम्ही म्हणालात, "आता विटेत गेलं. खोली इथून मोजायची." आमच्या भिंतीवर गिलावाच दोन-अडीच सेंटीमीटर निघाला! ब्लाइंडसोबत पाकिटात आलेल्या आखूड गिट्ट्या त्या गिलाव्यातच संपल्या असत्या. तुम्ही त्या बाजूला ठेवल्यात, लांब काढल्यात आणि बिटाला चिकटपट्टीची खूण केलीत. एका भोकातून लाल धूळ यायचं थांबलं आणि वाळूसारखं भुसभुशीत काहीतरी गळायला लागलं. दोन विटांमधला सांधा लागला होता. तिथे जाड गिट्टी ठोकून वेळ मारून नेता आली असती. तुम्ही ते भोक बुजवलंत आणि जरा सरकून दुसरं पाडलंत. गॅलरीकडच्या खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, होतं. तिथे करड्या धुळीनंतर बिट एकाएकी अडलं, तेव्हाही जोर न करता तुम्ही जागा बदललीत, कारण पुढे सळई होती. (ड्रिल चालू असताना तुम्ही गुणगुणत होतात ते गाणं मात्र मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.)

दिवाणखान्याच्या खिडकीवर तर नेमकी ब्रॅकेटच्या जागीच भिंत पोकळ होती. तिथे तुम्ही रंधा मारलेली एक लाकडी पट्टी पूर्ण रुंदीला बसवलीत. पट्टीचे स्क्रू भिंत धरते त्याच जागी घेतलेत आणि ब्रॅकेट लाकडावर, हवे तिथे. पट्टीला भिंतीचाच रंग दिल्यावर ती आता ओळखूही येत नाही. जुन्या घरात ब्लाइंड लावणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

त्याच पट्टीने लेव्हलचा प्रश्नही सुटला. माझं म्हणणं होतं की खिडकीचा वरचा काठ आणि ब्लाइंड समांतर दिसावेत. तुम्ही स्पिरिट लेव्हल काठावर ठेवून बुडबुडा दाखवलात. काठच उतरता होता. नळी त्याच्याप्रमाणे तिरकी बसवली की गुंडाळताना कापड एका बाजूला सरकत जातं, कड ब्रॅकेटला घासते आणि तिचे धागे निघतात. तुम्ही पट्टी बुडबुड्याप्रमाणे लावलीत आणि उतरता काठ समोरच्या झाकणपट्टीआड गेला. तरीही एक ब्लाइंड किंचित डावीकडे सरकत होता, तेव्हा कापड पूर्ण उलगडून नळीच्या उजव्या टोकाला चिकटपट्टीचा एक तुकडा लावलात. तेवढ्याने तो सरळ गुंडाळायला लागला.

नमुने पिशवीतून निघाले होते ते खिडक्या-भिंती पुरत्या बघून झाल्यावरच, आणि तोवर निवडायला फारसं उरलंच नव्हतं. दिवाणखान्याला स्क्रीनचं, म्हणजे जाळीदार विणीचं, कापड. त्याच्या विणीत किती मोकळी जागा आहे त्याची टक्केवारी असते, १, ३, ५, १०. ऊन थेट येतं तिथे तुम्ही ३ ची सुचवलीत. गडद रंगातून बाहेरचं स्वच्छ दिसतं, फिका रंग ऊन जास्त परतवतो पण त्यातून बाहेर धुरकट दिसतं. यांपैकी काय हवं ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणालात. मला बाहेरचं झाड दिसायला हवं होतं, म्हणून गडद घेतला. रात्री आत दिवा लागला की बाहेरच्यांना आतलं दिसतं, हे तुम्ही पैसे घ्यायच्या आधी सांगितलंत. आतून लावलेलं कोणतंही कापड उष्णता पूर्ण अडवत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं, हेही सांगितलंत. विकणाऱ्याने एवढं सांगावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड लावलात, कारण तिथलं तेलकट कापड धूत बसण्यापेक्षा पट्टी पुसणं सोपं. समोरच्या इमारतीचे वरचे मजले आमच्या ओट्यावर डोकावतात. पट्टीची आतली कड वर आणि बाहेरची खाली ठेवली की वरून दिसत नाही, थेट ऊन अडतं आणि खालून येणारा उजेड छताकडे जातो. दांडी कुठल्या बाजूला फिरवायची ते तुम्ही माझ्या सासूबाईंच्या हातात देऊन दाखवलंत. त्या आता बाकी कुणाला दांडीला हात लावू देत नाहीत.

शेवटचं काम मी विसरूनच गेले होते. साखळीचं कडं लोंबत ठेवायचं नाही, भिंतीवर ताणून पक्कं करायचं. घरात लहान मूल आहे हे तुम्ही आल्या आल्या विचारून घेतलं होतंत. साखळीचा खालचा भाग जमिनीपासून दीड मीटरच्या वर राहील असं बघितलंत आणि पलंग खिडकीपासून हलवायला लावलात. नंतर वाचलं तेव्हा कळलं, युरोपातल्या मानकांतही दीड मीटरचंच अंतर आहे, आणि अमेरिकेत १ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या मानकाने मोकळ्या लोंबत्या ओढदोऱ्याच बंद केल्या आहेत. लहान मुलांच्या गळ्याला दोरीचा फास बसून जीव गेले आहेत, म्हणून हे सगळं. तुम्ही मला मानक वगैरे काही सांगितलं नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेतलात आणि साखळीची ताणणी लावून टाकलीत.

जिन्याकडच्या खिडकीचं काम राहिलंय. तिथला ओला गिलावा खरवडून नवा केला आहे. तुम्ही बजावलंत तसं, तो पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही ड्रिल लावू देणार नाही. वाळला की फोन करते. मापं मी घेऊन ठेवली आहेत, पण ती तुम्ही परत घ्यालच.

कळावे,
तिसऱ्या मजल्यावरची ताई