संत्र्याच्या फोडीपेक्षा त्याची साल घातक

मा. संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

थंडी पडू लागली की इंदूरच्या हातगाड्यांवर नागपूरची आणि आपल्या आगर-माळव्याकडची संत्री येतात, गच्चीगच्चीवर उटण्यासाठी साली वाळत पडतात, आणि त्याच सुमारास घरगुती उपायांच्या सदरांतून व मोबाइलवरील संदेशांतून एक सल्ला दरवर्षी नव्याने फिरू लागतो: मांजराच्या अंगावर पिसवा झाल्या असतील, तर लिंबा-संत्र्याच्या साली उकळून ते पाणी त्याच्या अंगाला चोळावे. उपाय घरचा, खर्च शून्य आणि औषधांची भानगड नाही, असे त्याचे कौतुकही केलेले असते. या सल्ल्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत, कारण त्याच्याच बाजारी आवृत्तीचा प्रयोग गेल्या डिसेंबरात मी माझ्या मांजरीवर करून बसले.

ओळखीचे लोक मला विचारतात तो प्रश्न मात्र वेगळाच असतो. मांजराने संत्र्याची फोड खाल्ली तर चालते का, असे ते विचारतात. याचे उत्तर सोपे आहे. सोललेल्या फोडीचा एखादा तुकडा चाटला गेला, तर निरोगी मांजराला सहसा काही होत नाही. फार तर पोट बिघडते, एखादी उलटी होते. पण ती फोड देण्याचे कारणही नाही. आपल्याला ‘क’ जीवनसत्त्व अन्नातून घ्यावे लागते, मांजराचे यकृत ते स्वतःच तयार करते. फळाच्या गोडीचे म्हणाल, तर गोड चव ओळखण्यासाठी लागणारे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. म्हणजे आपण कौतुकाने पुढे केलेली फोड मांजराच्या लेखी नुसती आंबट आणि उग्र वासाची वस्तू असते.

खरी काळजी सालीची, पानांची आणि त्यांतल्या तेलाची करायला हवी. संत्रे सोलताना साल भावंडाच्या डोळ्यासमोर पिचकण्याचा खेळ आपण सर्वांनीच खेळलेला आहे. तो जो झोंबणारा तुषार उडतो, तेच हे तेल. मी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. फुगवलेल्या फुग्यावर साल पिळून तो फट्कन फोडून दाखवणे हा माझा हुकमी प्रयोग असे. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा लिमोनीनचा असतो, आणि रबर व थर्माकोल विरघळवण्याची ताकद त्याच्यात आहे. लिंबाच्या तेलात ते तुलनेने कमी असते, पण असतेच. शिवाय लिंबवर्गीय झाडांत सोरालेन नावाची द्रव्ये असतात, त्यांच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते. मोसंबी, ईडलिंबू, पपनस ही सारी याच कुळातली आहेत. (कडुलिंबाच्या नावात लिंब असला, तरी तो या कुळातला नाही.)

अशी तेले शरीराबाहेर टाकताना आपले यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देते आणि ती पाण्यात विरघळण्याजोगी करून लघवीवाटे घालवते. मांजराच्या यकृतात हे काम करणारी काही विकरे (एन्झाइम) फार दुबळी असतात. पॅरासिटामॉलची एखादी गोळी मांजराच्या जिवावर बेतते, त्यामागेही हीच उणीव आहे. त्यामुळे ‘मला चालते, कुत्र्याला चालते, मग मांजराला का चालू नये’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

तसे पाहिले तर मांजराचे नाक त्याला सावध करते. संत्रे सोलायला घेतले की आमची भुरी मांडीवरून उतरून चालती होते, आणि कुंड्यांत साली टाकल्या की शेजारची मांजरे तिकडे फिरकत नाहीत. पण तोच वास आपण तिच्या अंगावर चोळला, तर ती पळून पळणार कुठे? मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते, म्हणून अंगाला लावलेले तेल कातडीतून आत शिरते ते वेगळेच, जिभेवाटेही पोटात जाते. स्वतःहून कधीच खाल्ली नसती अशी गोष्ट आपण तिला अशा रीतीने खाऊ घालतो.

भुरीचे नेमके हेच झाले. एका दुकानातून मी पिसवांसाठी फवारा आणला. बाटलीवर संत्र्यांचे चित्र आणि ‘संपूर्ण नैसर्गिक’ हे शब्द ठळक होते. मांजराचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि दुकानदारही म्हणाला, ‘सगळ्या जनावरांना चालतं.’ मानेवर आणि पाठीवर मी सढळ हाताने फवारले. अर्ध्या तासात तिच्या हनुवटीखालून लाळेची तार लोंबू लागली आणि छातीवरचे केस ओले झाले. रोज एका झेपेत झोपाळ्यावर चढणारी ती, त्या दिवशी तिचे मागचे पाय फळीपर्यंत पोहोचलेच नाहीत. खाली पडून ती तशीच थरथरत बसली. कानांना हात लावला तर ते गार होते. फोनवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भांडी घासायच्या सौम्य साबणाने, कोमट पाण्यात तिला दोनदा धुतले, खसखसून पुसले आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्याजवळ ठेवत दवाखान्यात नेले. रात्री उशिरा तिने दोन घास खाल्ले. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा शेजारचा सल्ला मी ऐकला नाही, हे बरेच झाले, कारण त्या मिठानेही मांजर दगावू शकते असे डॉक्टर म्हणाले. रिकामी असो वा भरलेली, बाटली मात्र सोबत न्यावी. त्यांनी पहिल्यांदा तीच मागितली.

न्यायाची गोष्ट अशी, की हे द्रव्य थेंबभरानेही मारते असे मी म्हणत नाही. एके काळी अमेरिकेत लिमोनीनयुक्त द्रावणाने पिसवा घालवण्याची पद्धतच होती. १९८६ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत मांजरांना अपाय झाला नाही. पाचपट आणि पंधरापट तीव्र द्रावणाने मात्र लाळ गळणे, तोल जाणे, थरथर आणि अंग गार पडणे ही लक्षणे दिसली व काही तासांनी ओसरली. पण घरी साली उकळणाऱ्याला आपल्या पातेल्यात किती तेल उतरले आहे, हे कसे कळणार? शेर-दोन शेर साली घातल्या की बरे, एवढाच त्याचा हिशेब. मांजराचे वजन असते चार किलोच्या आसपास, आणि पिल्लाचे त्याहून कितीतरी कमी.

आणखी एक गोष्ट खास इंदूरकरांसाठी. ओल्या कचऱ्याचे सोने करण्याच्या आपल्या उत्साहात पुष्कळ घरांत एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी असे मुरवून तीन महिन्यांनी त्याचे फरशी पुसायचे द्रावण केले जाते. उपक्रम चांगला आहे, मीही करते. मांजर असलेल्या घरात ते भरपूर पातळ करावे आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे, कारण ओल्या फरशीवरून चाललेले पाय ते लगेच चाटते. खोलीत वास दरवळावा म्हणून लिंबाचे तेल तापवणारी जी यंत्रे हल्ली मिळतात, ती मांजराच्या खोलीत लावूच नयेत.

पिसवांवर मांजरांसाठीच बनवलेली, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून दिलेली औषधे पशुवैद्य देतात. त्यांतही कुत्र्यांचे औषध मांजराला लावू नये. त्यातल्या काहींत असणारे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला संत्र्याच्या तेलापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते.

आपणास विनंती एवढीच, की पाळीव प्राण्यांविषयीचा कोणताही घरगुती उपाय छापण्यापूर्वी तो एखाद्या पशुवैद्याच्या नजरेखालून घालावा. महूचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी आहे. तेथे विचारणे अवघड जाऊ नये. विक्रेत्यांनीही अशा बाटल्यांवर ‘मांजरांसाठी नाही’ अशी चिठ्ठी हिंदीत चिकटवावी. माझ्याकडच्या उरलेल्या अर्ध्या बाटलीवर ती मी स्वतःच लिहून चिकटवली आणि ती दुकानदाराला परत नेऊन दिली. त्याने ती वाचली आणि गल्ल्यामागे ठेवून दिली. तशाच बाकीच्या बाटल्या मात्र अजून फळीवर आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर