भटारखान्याची शिस्त घरच्या ओट्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोज बाहेर जेवावे की घरी रांधावे, या वादात दोन्ही बाजू ताटाकडे बघून बोलतात. एक म्हणते, बाहेरचे तेलकट आणि महाग. दुसरी म्हणते, दमून घरी आल्यावर ओट्याशी उभे राहायला अंगात त्राण कुणाला? दोघांचेही खरे आहे, त्यामुळे वाद तसूभर पुढे सरकत नाही. खरी मेख ताटाच्या आधीच्या कामात आहे. घरचा स्वयंपाक बंद पडतो तो रांधता येत नाही म्हणून नव्हे. रोज संध्याकाळी कांदा सोलण्यापासून श्रीगणेशा करावा लागतो, म्हणून तो बंद पडतो. आणि ज्या हॉटेलात आपण मग जातो, तिथला भटारखाना असे कधीच करत नाही.

दहा मिनिटांत टेबलावर येणारी भाजी दहा मिनिटांत झालेली नसते. कांदा सकाळीच परतून डब्यात भरलेला असतो, कडधान्ये उकडून ठेवलेली असतात, भाज्या अर्ध्या शिजवून गार पाण्यातून काढलेल्या असतात. ऑर्डर आली की हे एकत्र करायचे, मोठ्या आचेवर परतायचे आणि उतरवताना वरून लोणी, साय किंवा तेल सोडायचे. चकाकी आणि 'हॉटेलची चव' म्हणतात ती बरीचशी या शेवटच्या डावात असते. घरी आपण तोच पदार्थ एका शेगडीवर, पूर्वतयारीशिवाय, भूक लागल्यावर करायला घेतो आणि तास मोडला की म्हणतो, परवडत नाही.

पैशाचे आधी उरकून घेतो. पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांश असावा, हा या धंद्यातला ढोबळ हिशेब. उरलेल्यात जागेचे भाडे, पगार, इंधन, नासाडी आणि नफा. त्यामुळे घरचे स्वस्त पडते यात नवल नाही. पण घरच्या हिशेबात रांधणाऱ्याच्या वेळेला कुणी किंमत लावत नाही, आणि आठवड्याच्या शेवटी कचऱ्यात जाणारी अर्धी जुडी तर कुणी मोजतच नाही. उलट बाजूने, एखाद्या ठिकाणी जेवण फारच स्वस्त मिळत असेल, तर भाडे आणि इंधन त्यांनाही चुकलेले नाही, हे ध्यानात ठेवावे. काटकसर तेलात, मालात किंवा पगारात होते.

आता पूर्वतयारी. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी दीड तास. पहिला मान परतलेल्या कांद्याचा, कारण रोजचा सगळ्यात मोठा वेळखाऊ तोच.

एक किलो कांदा सारख्या जाडीचा चिरावा. जाडीत फरक असला की पातळ तुकडे करपतात आणि जाड कच्चे राहतात. भांडे पसरट हवे. उंच पातेल्यात वाफ कोंडते, कांदा परतला न जाता उकडतो आणि कितीही वेळ ठेवला तरी फिकाच राहतो. चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिलिलिटर तेल, अर्धा छोटा चमचा मीठ. पहिली दहा मिनिटे झाकण ठेवून मध्यम आच. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि मीठ ते बाहेर ओढते. मग झाकण काढून पाणी आटू द्यायचे. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग व खमंगपणा त्याच्या बराच वर, १४० अंशांच्या पुढेमागे येऊ लागतो. म्हणून पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते आणि शेवटच्या दहांत सगळे घडते. नेमकी तेव्हाच माणसे कंटाळून आच वाढवतात. कडा काळ्या होतात आणि कडवटपणा पुढच्या प्रत्येक भाजीत उतरतो. तळाला धरू लागले तर दोन चमचे पाणी टाकून खरवडून घ्यावे, ते तांबूस धरलेलेच चव असते. एकूण चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात, पण उभे राहावे लागते शेवटची पंधराच. एक किलोचा साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम ऐवज उरतो. तो बर्फाच्या साच्यात भरून गोठवावा. एका खणात साधारण दोन मोठे चमचे मावतात, आणि दोन माणसांच्या भाजीला दोन वड्या पुरतात.

कडधान्ये एका वेळी अर्धा किलो. भिजवून शिजल्यावर ती दुपटीहून जास्त भरतात, म्हणजे आठ-नऊ माणशी वाढणी झाली. आठ तास भिजवावे, ते पाणी फेकावे, कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, कारण फेस वर चढून वाफेचे भोक बुजवतो. एक चमचा तेल घातले की फेस बराच बसतो. शिट्ट्या मोजू नयेत. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर वीस मिनिटांत दोनच. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावावे. भिजलेल्या हरभऱ्याला १५ ते २० मिनिटे. तरीही दाणा टणक राहिला तर दोष बहुधा तिघांपैकी एकाचा असतो: माल जुना, पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचे, किंवा टोमॅटो-चिंचेसारखे आंबट आधीच घातलेले. आंबटामुळे दाण्याची भिंत सैल होत नाही, म्हणून ते नेहमी शेवटी घालावे. मिठावर मात्र उगाच आळ येतो. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर साल उलट मऊच होते.

राजम्याचे वेगळे सांगायला हवे. कच्च्या राजम्यात पोटाला बाधणारे एक प्रथिन असते आणि ते नष्ट व्हायला खळखळती उकळी किमान दहा मिनिटे लागते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकून दिवसभर ठेवला, तर उष्णता उकळीपर्यंत पोचतेच असे नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. उलट्या होतात आणि दोष मसाल्याला दिला जातो.

आठवड्याची तयारी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक शिजवण्यात होत नाही, गार करण्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांत ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा सांगितला आहे आणि शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असे म्हटले आहे. घरी काय होते? पाच लिटरचे पातेले ओट्यावर 'निवायला' ठेवतात आणि झोपायला जाताना फ्रीजमध्ये सरकवतात. पातेले बाहेरून गार लागते, पण आतला गाभा कितीतरी तास कोमट असतो. शिजवण्यातून तगून राहणारे काही जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सुप्त रूपात असतात आणि त्यांना कोमट गाभ्याइतकी सोयीची जागा नाही. त्यांतले काही पुरेशा उबेत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतात. उपाय साधा आहे. पसरट डब्यांत दोन इंचांहून कमी थर, डबे गार पाण्याच्या परातीत, अधूनमधून ढवळणे, आणि वाफ गेली की फ्रीजमध्ये. अन्न पुरते गार झाल्याखेरीज फ्रीजमध्ये ठेवू नये, हा समज सोडून द्यावा. कोमट छोटा डबा फ्रीजला जड जात नाही. कढत मोठे पातेले मात्र शेजारच्या दुधालाही तापवते.

भाताच्या बाबतीत तर दुप्पट काळजी हवी. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीत मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला तर ते वाढतात आणि त्यांचे उलट्या करवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. 'चांगला कडकडीत गरम करून खाल्ला होता' हे म्हणून उपयोग नाही, चूक आदल्या रात्रीच झालेली असते. म्हणून भात परातीत पसरून तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्याच दिवशी संपवायचा, आणि गरम एकदाच. खरे तर तो आठवड्याच्या तयारीत घेऊच नये. माणशी ७५ ग्रॅम तांदळाचा भात वीस मिनिटांत होतो, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या शेगडीवर कांद्याच्या वड्या आणि उकडलेल्या कडधान्याची भाजी तयार होते. उकडलेली कडधान्ये फ्रीजमध्ये तीन दिवस धरावीत, पुढची गोठवावीत. डब्यावर तारीख लिहावी. नाहीतर चौथ्या दिवशी वास घेऊन निर्णय होतो, आणि रोगकारक जिवाणूंना बहुतेक वेळा वास नसतोच.

'घरचे म्हणजे कमी तेलाचे' हे गृहीतही तपासून पाहावे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, ते घरचे असो की हॉटेलचे. बाटलीवर उघडल्याची तारीख टाका. तीन माणसांच्या घरात लिटरभर तेल दहा दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी निव्वळ तेलाच्या झाल्या. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून किंचित कमी. चार माणसांत किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरायला हवी. तीस दिवसांत संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलो, आणि यात पाकिटातल्या खाऱ्या वस्तू धरलेल्याच नाहीत. हा हिशेब केल्याशिवाय हॉटेलवाल्याला नावे ठेवणाऱ्यांनी जरा दम धरावा.

एकट्या राहणाऱ्याला हे सगळे सांगणे थोडे अन्यायाचे आहे, हे मान्य. पाव किलो पालेभाजीची जुडी एका माणसाला दोन वेळा पुरते आणि तिसऱ्या वेळेआधी सडते. अशाने सगळे घरी करण्याचा हट्ट धरू नये. भात घरी लावावा, एक वाढणी भाजी बाहेरून आणावी आणि तिच्यात तेवढेच बिनमिठाचे उकडलेले कडधान्य किंवा भाजी घालून पाच मिनिटे उकळावे. एका वाढणीच्या दोन होतात, आणि प्रत्येकीतले मीठ-तेल निम्मे होते. चव जराशी उतरते, पण एक गोठवलेली कांद्याची वडी ती भरून काढते. कुटुंबात राहणाऱ्यांनी मात्र दीड तासाची ती दोन सत्रे कुणाच्या वाट्याला येतात ते आधी ठरवावे. सोलणे, चिरणे आणि भांडी एकाच माणसावर पडली, तर महिनाभरात तेच माणूस बाहेरून मागवू म्हणेल, आणि त्याचे चुकणार नाही.

रोज बाहेरच खावे लागत असेल तर गर्दीच्या वेळी, ज्या पदार्थाचा खप जास्त तोच घ्यावा. तो डब्यात कमी वेळ पडून राहिलेला असतो. मांडून ठेवलेल्या अन्नातून वाफ येत नसेल तर ते सोडून द्यावे. तळणीच्या तेलावर बारीक, न मोडणारा फेस असेल, ते काळपट व दाट दिसत असेल किंवा नेहमीच्या आचेवर धुरकटत असेल, तर ते फार वेळा तापलेले आहे. घरपोच मागवताना कुरकुरीत पदार्थ टाळावेत. बंद खोक्यात वाफ धरते आणि वीस मिनिटांत त्यांचे कातडे होते, पैसे मात्र कुरकुरीतचे जातात.

शेवटी आपल्याकडेच एक मागणे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत छापून येणाऱ्या पाककृतींत 'तेल आवश्यकतेनुसार', 'मीठ चवीनुसार' आणि 'कांदा पाच मिनिटे गुलाबी होईपर्यंत' ही वाक्ये ठरलेली असतात. पाच मिनिटांत कांदा जेमतेम पारदर्शक होतो. नवशिका पाच मिनिटांनी भांड्यात बघतो, आपले काहीतरी चुकले असे समजतो, आच वाढवतो, करपवतो आणि फोन उचलून बाहेरून मागवतो. तेव्हा यापुढे निदान तेल चमच्यांत आणि मीठ ग्रॅममध्ये द्यावे, किती माणसांसाठी ते लिहावे, आणि लागणाऱ्या वेळात चिरणे व भांडी घासणे धरावे.

आपला,
एक वाचक